अंजनाबाईंची पाठ

जुईच्या बोटांना लसणाचा वास येत होता.

मी तिचा हात पुन्हा एकदा नाकाशी नेला. शंकाच नको. लसूण, आणि त्याच्यामागून आणखी कसलातरी हिरवट, उग्र वास. तिच्या पिशवीतून डबा काढून झाकण उघडलं. सकाळी साखरपोळीचे चार तुकडे करून ठेवले होते, ते चारही जागच्या जागी.

"डबा का नाही खाल्लास?"

"भूक नव्हती."

"मग हाताला वास कसला येतोय?"

तिने हात ओढून घेतला आणि फ्रॉकला पुसला. साडेतीन वर्षांच्या मुलीने पुरावा पुसावा तसा पुसला. मी गुडघ्यावर बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आले.

"जुई, काय खाल्लंस बालवाडीत?"

"काही नाही." मग जरा थांबून, खालचा ओठ चावत ती म्हणाली, "अंजनाबाईंनी सांगितलंय, घरी सांगायचं नाही."

याला आता अठरा वर्षं झाली, पण ते वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं.

आम्ही तेव्हा कऱ्हाडजवळ एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. माझा नवरा प्रमोद तिथे केमिस्ट होता. मी पुण्याची, बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या एका थेंबात काय काय वळवळतं ते तीन वर्षं बघितलेल्या बाईच्या पोटी मूल आलं की काय होतं, ते माझं झालं होतं. पाणी वीस मिनिटं उकळायचं. वाट्या-चमचे वेगळे. आणि जुई खात नव्हती. दूधभात, साखरपोळी आणि ग्लुकोजची बिस्किटं, एवढ्या तीन गोष्टींपलीकडे तिच्या तोंडात काही जात नव्हतं. गाजराचा कीस पराठ्यात लपवला तर ती तो बोटांनी वेचून ताटाच्या काठावर मांडून ठेवायची. पालक गाळून सूप केलं तर एक घोट घेऊन माझ्या साडीवर. घास घेऊन मी समोर बसले की ती ओठ असे मिटायची की पाचर मारून उघडावेत. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. साडेअकरा किलो.

"साडेतीन वर्षांच्या मानाने फारच कमी आहे," ते म्हणाले. "हिमोग्लोबिन आठ. दोन-तीन महिने बघू, नाहीतर दाखल करून तपासण्या कराव्या लागतील."

त्या दिवसापासून मी तिचा घास न् घास बघत होते.

आणि आता ती म्हणत होती, घरी सांगायचं नाही.

प्रमोद ड्यूटीवरून आला तेव्हा त्याच्या कपड्यांना मळीचा वास होता. गाळपाचा हंगाम ऐन भरात होता. मी त्याला दारातच सांगितलं. तो हसला.

"बरंच आहे की मग. काहीतरी खाल्लं म्हणायचं कार्टीने."

"हसतोस काय? एक मोठी बाई लहान मुलाला 'घरी सांगू नको' म्हणते, याचा अर्थ कळतो का तुला?"

त्याचं हसू गेलं. "मग विचार ना सरळ."

"कुणाला?"

"अंजनाबाईंना."

"आणि त्या खरं सांगतील?"

बालवाडी कॉलनीतल्या महिला मंडळाची होती. क्लबहाउसच्या मागची एक लांबट खोली, एकतीस मुलं. गाणीगोष्टी घ्यायला सुलभा मॅडम होत्या. त्या साडेअकराला घरी जात. तिथून साडेबारापर्यंत, म्हणजे डब्याच्या वेळी, मुलं एकट्या अंजनाबाईंच्या ताब्यात. त्या ओढ्यापलीकडच्या वाडीतून चालत यायच्या. पन्नाशीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, हाताने भक्कम. बोलायच्या कमी, आणि बोलताना डोळे दुसरीकडेच असायचे.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी गाठलं त्यांना.

"अंजनाबाई, काल जुई काय जेवली?"

"जेवली की वं ताई." त्या एका मुलाच्या सँडलचा पट्टा लावायला वाकल्या होत्या.

"डबा तर तसाच घरी आला."

"आला व्हय?" दुसऱ्या पायाचा पट्टा. "लेकरू हाय. आज न्हाई तर उद्या खाईल. तुमी जावा निवांत."

"पण मग जेवली काय?"

त्यांनी वर बघितलं, पण माझ्याकडे नाही. माझ्या पायाला बिलगून उभ्या असलेल्या जुईकडे. आणि जुईने त्यांच्याकडे. एक क्षणभर. मग दोघींनी एकदमच नजर काढून घेतली. माझ्या मुलीत आणि या बाईत काहीतरी ठरलेलं होतं आणि मी त्याच्या बाहेर होते.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी माझ्या मुलीवर पाळत ठेवली. दुसरा शब्द नाही. फ्रॉकच्या खिशात मुळ्याची एक चकती सापडली, अर्धवट कुरतडलेली, दातांच्या खुणा स्पष्ट. मी ती उजेडात धरून बघितली. दात जुईचेच होते. एकदा दाढेत हिरवं पान अडकलेलं. एकदा जीभ पांढरट आणि तोंडाला आंबूस वास, हरभऱ्याचा पाला खाल्ल्यावर येतो तसा. म्हणजे पोरगी शेतातला न धुतलेला पाला खात होती? कुणी देत होतं, की उपाशी ठेवल्यामुळे मिळेल ते तोंडात घालत होती? दुपारी घरी आली की ती दोन-दोन तास गाढ झोपायची. पूर्वी कधी झोपायची नाही. कामावर जाताना काही बाया मुलांना अफूची गुटी देऊन निजवतात, हे मी लहानपणी मामीकडून ऐकलं होतं. ते डोक्यात शिरलं आणि निघेना. ती झोपली की मी तिच्या पापण्या उघडून बाहुल्या बघायची.

रात्रीच्या जेवणाला एकदा ती म्हणाली, "आई, पाठ कर ना."

"कशाला?"

"कर ना."

"आधी हा घास."

ओठ मिटले. संपलं.

महिन्याने डॉक्टरांकडे गेलो. बारा किलो शंभर. डॉक्टरांनी काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केलं, मग माझ्याकडे बघून हसले. "सहाशे ग्रॅम! काय सुरू केलंत हो?"

"काही नाही," मी म्हणाले.

"जे काही नाही चाललंय, तेच चालू ठेवा."

कुठल्याही आईने पेढे वाटले असते. मी येताना एस.टी.त जुईचे पाय दाबून बघत होते, सूज तर नाही ना म्हणून. घरात मी देते ते ती खात नाही, डबा परत येतो, आणि वजन वाढतं. माझ्या शास्त्रात हे बसत नव्हतं. मूल माझं होतं आणि त्याच्या पोटात काय जातंय ते मला सोडून दुसऱ्या कुणाला तरी माहीत होतं.

मग मी ठरवलं, स्वतः बघायचं.

बालवाडीच्या मागच्या बाजूला एक खिडकी होती. मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून तिच्या खालच्या अर्ध्या काचा ऑइलपेंटने रंगवलेल्या होत्या, ससा, बदक, सूर्यफूल. वरच्या अर्ध्या मोकळ्या. बुधवारी पावणेबाराला मी तिथे मेंदीच्या कुंपणामागे जाऊन उभी राहिले, टाचा उंचावून. एम.एस्सी.ला प्रवेश मिळत असताना लग्न केलेली बाई, मुलीच्या बालवाडीत चोरासारखी डोकावत होती. लाज वाटली नाही. वाटायला हवी हेही तेव्हा सुचलं नाही.

दिसलं ते असं. मुलं एका भिंतीशी अर्धगोल करून बसलेली. त्यांचे डबे पुढ्यात, बरेचसे न उघडलेले. आणि अंजनाबाई खोलीच्या मधोमध, मुलांकडे चक्क पाठ करून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या. भाकरी मोडत होत्या, मचामचा चावत होत्या, बोटं चाटत होत्या, मान डोलवत होत्या. "आगं आई गं, काय चव हाय," असं स्वतःशीच मोठ्याने म्हणत होत्या. एकतीस मुलं उपाशी मागे बसलेली आणि ही बाई एकटी मिटक्या मारत होती.

मग मला जुई दिसली. ती उठून उभी राहिली होती. चेहरा ताणलेला, डोळे विस्फारलेले, नजर अंजनाबाईंच्या पाठीवर खिळलेली. श्वास रोखून धरल्यासारखी. इतकी भ्यालेली मी तिला कधी पाहिली नव्हती. तिने एक पाऊल टाकलं, आणखी एक, मग खाली वाकली आणि त्या रंगवलेल्या सशाच्या मागे दिसेनाशी झाली.

अंजनाबाईंनी न वळताच उजवा हात उंच उगारला. त्यात पळी होती. पळी खाली आदळल्याचा आवाज काचेतूनही मला ऐकू आला.

"कोण हाय रं तिकडं?"

मुलांचा एकच कालवा. जुई पुन्हा दिसली ती पळताना. भिंतीशी जाऊन तिने गुडघ्यात तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते.

मला एवढं पुरे होतं.

त्याच दुपारी मी महिला मंडळाला पत्र लिहिलं. दोन पानं. माझं अक्षर चांगलं आहे आणि भाषाही बरी आहे, त्या दोन्हींचा मी उपयोग केला. मुलांकडे पाठ करून स्वतः जेवणे (मागच्या खिडकीतून मी स्वतः पाहिले). मुलांना दरडावणे, धाक दाखवणे. अस्वच्छ आणि उष्टं अन्न मुलांच्या पोटात जाण्याची शक्यता. आणि शेवटी, अधोरेखित करून, 'घरी सांगू नका अशी लहान मुलांना ताकीद देणे'. अध्यक्ष होत्या देशमाने वहिनी, चीफ इंजिनिअरांच्या पत्नी. त्यांनी पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि चष्मा काढला.

"मंजिरी, हे फार गंभीर आहे हं."

"म्हणूनच लिहून दिलंय, वहिनी."

"आमच्या सूनबाईपण म्हणत होत्या, बंटीचा डबा तसाच येतो म्हणून. बघ, म्हणजे आहेच काहीतरी."

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघीजणी बालवाडीत गेलो. मुलं समोरच्या अंगणात घसरगुंडीवर होती, दार उघडं होतं. अंजनाबाईंनी आमच्यासाठी सतरंजी झटकून अंथरली. आम्ही बसलो नाही.

"अंजनाबाई, तुम्ही डब्याच्या वेळी मुलांकडे पाठ करून जेवता?"

"व्हय."

"मुलांना घरी काही सांगू नका म्हणता?"

त्यांनी अंगणाकडे बघितलं. दोन-तीन मुलं दारापाशी येऊन उभी राहिली होती, त्यात जुई होती.

"व्हय."

"कशासाठी?"

"पोरं घरला जाऊ द्या वैनी, मग सांगते."

"मुलांसमोर सांगता येत नाही असं आहे काय ते?"

"पोरांम्होरंच सांगायचं न्हाई म्हणून तर म्हनते."

देशमाने वहिनींनी माझ्याकडे बघितलं. माझी मान हलली असेल. आठवत नाही, पण हललीच असणार.

"मग काही सांगायची गरज नाही," वहिनी म्हणाल्या. "सोमवारपासून येऊ नका."

अंजनाबाईंनी कोपऱ्यातली कापडी पिशवी उचलली, त्यात आपलं ताट, पळी आणि दोन वाट्या घातल्या. दोन्ही वाट्या भरलेल्या होत्या, फडक्याने बांधलेल्या. बाहेर पडताना जुईच्या डोक्यावरून हात फिरवायला गेल्या आणि माझ्याकडे बघून तो हात तसाच मागे घेतला.

सोमवारी नवी बाई आली. कोर्स केलेली, ॲप्रन घालणारी. ती मुलांच्या समोर बसून, प्रत्येकाचं नाव घेऊन, डबा संपवून घ्यायची. मी चार दिवस खिडकीतून बघितलं. सगळं नीट होतं. पाचव्या दिवसापासून बघायचं सोडलं.

जुईचा डबा तसाच यायचा. फरक एवढाच की आता ती घरी आल्यावर भुकेने रडायची, आणि रडत रडत बिस्किटं खायची. दुपारची झोप गेली. बोटांना साबणाशिवाय कसलाही वास नव्हता. तीन आठवड्यांनी काटा अकरा सातशेवर आला. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. त्यांनी एका चिठ्ठीवर तपासण्यांची नावं लिहिली आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यात दोन दिवसांच्या तयारीने या.

जिन्यात देशमाने वहिनींची सून भेटली. "काय गं, तुझी खाते का? आमचा बंटी मधे मेथी मागायला लागला होता. मेथी! मी म्हटलं, हा कुठून शिकला? आता पुन्हा नुसता वेफर्सवर."

मी घरात आले. जुई पाटावर बसली होती. दूधभात कालवून मी समोर बसले, घास तिच्या तोंडाशी नेला. तिने ओठ मिटले. डोळ्यांत पाणी, पण ओठ मिटलेले. मी घास धरून राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं.

"का नाही खात गं तू?" माझा आवाज चढला. "काय करू मी तुला?"

"तू बघतेस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू बघतेस. अंजनाबाई नाही बघत."

मी घास ताटात ठेवला. हात धुतले. मग तिला चप्पल घातली आणि बाहेर पडले.

ओढ्यापलीकडची वाडी पंधरा मिनिटांवर. कॉलनीत तीन वर्षं राहून मी तिकडे एकदाही गेले नव्हते. उसाने भरलेल्या बैलगाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या, त्यांच्या कडेकडेने आम्ही गेलो. वाटेत मनात काय काय येत होतं. ती बाई दार उघडेल का? शिव्या देईल का? आणि एवढं होऊनही, तळाशी, जुनंच: खाऊ घालत होती ती काय, कुठल्या पाण्याने धुतलेलं?

पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण, बाजूला साडीच्या काठांनी कुंपण घातलेला वाफा. अंजनाबाई त्यात बसून खुरपत होत्या. जुईने माझा हात सोडला आणि धावत गेली. त्यांनी तिला उचललं नाही. खुरपं खाली ठेवून नुसतं बघितलं, आधी तिला, मग मला.

"वाळली पोरगी," त्या म्हणाल्या.

मी तोंडपाठ केलेलं सगळं विसरले. "तुम्ही तिला काय देत होता?"

"म्या काय बी देत नव्हते."

"मग ती खात काय होती?"

"चोरून खात हुती." त्यांनी जुईकडे बघितलं, मग म्हणाल्या, "जा गं, त्या कोंबडीची पिल्लं बग जा मागल्या दारी." ती गेली, तशा त्या उठल्या. "आता सांगते. त्या दिशी सांगत हुते तर तुमी ऐकून घेतलं न्हाई."

पदराला हात पुसत त्या ओट्यावर बसल्या.

"माजं ताट म्होरं. एक वाटी माजी, उजव्या हाताला. दुसरी वाटी मागं, पाठीशी. तीत आज मेथी, उद्या मुळा, परवा मोडाची मटकी. त्या वाटीला माजा हात लागत न्हाई. सकाळी घरनं भरून, बांदून आनायची. पोरास्नी म्या सांगितलं हुतं, ही मोठ्या मानसांची भाजी हाय, तिकट, कडू, तुमच्यासाटी न्हाई. कुनी हात लावायचा न्हाई. आन पाठ करून बसायची."

"आणि मुलं?"

"रांगत येत्यात. एक उचलतंय, पळतंय. म्या पळी आपटायची, कोन हाय रं म्हनायचं. मग तर लईच गोड लागतंय. तुमची जुई पयले आट दिस आलीच न्हाई. भितीला टेकून नुसतं बगायची. नवव्या दिशी आली. म्या वळखलं, हिचं पाऊल हलकं हाय. त्या दिशी पळी आपटलीच न्हाई."

खिडकीतून दिसलेला तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. ताणलेला, श्वास रोखलेला. आणि गुडघ्यात तोंड खुपसल्यावर हलणारे खांदे. ती हसत होती.

"पण मग घरी सांगायचं नाही, ते का?"

"आवो ताई, चोरी केल्याली कुनी घरात सांगतंय व्हय?" त्या पहिल्यांदाच हसल्या, आणि लगेच हसू मिटलं. "आन दुसरं बी हुतं. सायबांची पोरं माज्या वाटीतलं खात्यात म्हटल्यावर तुमी लोकांनी काय म्हटलं असतं, ते तुमीच लिवलं की कागदावर. उष्टं. माज्या सुनेनं वाचून दावला तो कागद. मंडळानं धाडला हुता."

मी खाली बघितलं. कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती. मागच्या दारातून जुईचा आवाज येत होता, ती पिल्लांना एकेक नाव देत होती.

"तुम्ही परत या," मी म्हणाले. "मी मंडळाला पुन्हा लिहिते, सगळं खरं खरं लिहिते."

"लिवा. पन म्या न्हाई यायची."

"का?"

"आता पाठ केली की माजं चित्त खिडकीकडं जाईल, कोन बगतंय म्हनून. पोरास्नी कळतंय ते."

मी लिहिलं ते पत्र नंतर, चार पानं. मंडळाने ते वाचलंही. पण अंजनाबाई आल्या नाहीत ते नाहीतच.

त्या दिवशी मात्र त्या आत गेल्या आणि ताट आणि पळी घेऊन आल्या. ज्वारीच्या दोन भाकरी, कांदा. एक वाटी स्वतःजवळ ठेवली. दुसरी घेतली, तिच्यात मेथी घातली, लसूण घालून परतलेली, वरून शेंगदाण्याचं कूट. मुळ्याच्या चार चकत्या. "हिरीच्या पान्यानं धुतल्याली हाय, दोनदा," त्या मला म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं.

"बसा हितं. तोंड भितीकडं."

मी बसले. घराच्या चुना लावलेल्या भिंतीपासून हातभर अंतरावर. त्या माझ्या शेजारी बसल्या, भिंतीकडेच तोंड करून. भरलेली वाटी त्यांनी माझ्या पाठीमागे सरकवली आणि अर्धी भाकरी माझ्या हातात दिली.

"खावा. आवाज करून खावा."

मी घास घेतला. मागच्या दारातला आवाज थांबला होता.

"आता बोला कायतरी," त्या हळूच म्हणाल्या.

"काय बोलू?"

"कायबी. गप ऱ्हायलं की त्यास्नी वाटतंय, कान हिकडंच हाय."

भिंतीवर चुन्याचे पोपडे निघालेले होते, त्यांच्याकडे बघत मी म्हणाले, "माझं चुकलं, अंजनाबाई."

"ते नगं. दुसरं बोला."

"ही मेथी कधी पेरलीत?"

"दिवाळी झाल्यावर. एक वाफा संपला की दुसरा."

"आणि मुळा?"

"मुळा आधीचा. त्यो दीड म्हयन्यात येतो."

मागे पाऊल वाजलं. अगदी हलकं. अठरा वर्षांपूर्वीची ती दोन-तीन मिनिटं असतील, पण मी आयुष्यात दुसरं काहीही इतक्या निकराने केलेलं नाही. मान वळायला बघत होती. खांदे वळायला बघत होते. ती मोठा घास घेईल, तिच्या घशात अडकेल. ती वाटी सांडेल. ती खाणारच नाही. मी भाकरीवर बोटं रुतवली आणि विचारलं, मुळ्याला पाणी किती लागतं.

मग मुळा दाताखाली कुरकुरला. पुन्हा कुरकुरला. वाटी दगडावर घासली गेली. चपचप आवाज, नाकाने श्वास घेत घेत, भरल्या तोंडाचा. माझ्या पदराला मागून कुणीतरी हात पुसला.

अंजनाबाईंनी पळी हळूच जमिनीवर टेकवली. आपटली नाही.

"वळा आता," त्या कुजबुजल्या. "झालं असंल."

मी वळणारच होते. तेवढ्यात मागून, भरल्या तोंडाने, बोबडं, घाईघाईचं आलं: "नको ना. अजून आहे."

मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, ते तसंच राहू दिलं.

"आणि पावटा?" मी मोठ्याने विचारलं. "पावटा कधी लावता हो तुम्ही?"